कुंकू आणि आलवण : लाल रंगाच्या अर्थाचा शोध



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने एखादा ग्रंथ किंवा ग्रंथकार निवडावा, अशी आपल्याकडील रीत आहे. मी आज एक रंग निवडला आहे. भाषेच्या अध्यापकाने रंगाविषयी काय बोलावे, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शब्दाप्रमाणे रंगालाही अर्थ असतो आणि शब्दाच्या अर्थाप्रमाणेच तो अर्थ समाजाने दिलेला असतो. व्याकरण बदलले की शब्द बदलतो, तसेच रिवाज बदलला की रंगही बदलतो. लाल रंगाच्या बाबतीत ही गोष्ट जितकी ठळकपणे दिसते तितकी अन्य कोणत्याही रंगाच्या बाबतीत दिसत नाही. आणि आपल्या मराठी घरांतील स्त्रियांच्या आयुष्याशी या रंगाचा असा काही संबंध येतो, की त्याचा विचार केवळ सौंदर्यदृष्टीने करून भागत नाही.

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीचा जुना, घरचा शब्द ‘तांबडा’. तो ‘ताम्र’ म्हणजे तांबे या धातूपासून आला. पहाट होते तेव्हा आपल्याकडे ‘तांबडे फुटते’, लाल फुटत नाही. आणि आखाड्यात असते ती तांबडी माती. ‘लाल’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ माणिक. संस्कृतातील ‘रुधिर’, लॅटिनमधील ‘रुबेर’ आणि इंग्रजीतील ‘रेड’ ही तर एकाच आद्य कुळातील भावंडे. १९६९ साली बर्लिन आणि के या दोघा अभ्यासकांनी अनेक भाषांतील रंगवाचक शब्दांची तुलना केली. ज्या भाषेत रंगांना केवळ तीनच मूळ नावे आहेत, तिच्यात काळ्या-पांढऱ्यानंतरचे तिसरे नाव तांबड्याचे असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंधार आणि उजेड यांना नावे दिल्यानंतर माणसाला नाव द्यावेसे वाटले ते रक्ताच्या रंगाला, असे म्हणावयास हरकत नाही.

‘रक्त’ हा शब्द स्वतः मोठा बोलका आहे. तो ‘रञ्ज्’ या धातूचे रूप. रक्त म्हणजे मुळात ‘रंगवलेले’, ‘रंगलेले’. याच धातूपासून रंग, रंजन, राग, अनुराग आणि विरक्ती हे शब्द आले. अनुरक्त तो, ज्याच्यावर दुसऱ्याचा रंग चढला. विरक्त तो, ज्याचा रंग उतरला. संस्कृतात ‘राग’ हा प्रेमालाही लागू होतो. मराठीने मात्र तो शब्द संतापासाठी ठेवला आणि प्रेमासाठी ‘अनुराग’ राखून ठेवला. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांचे वर्ण सांगितले आहेत. तेथे लाल हा शृंगाराचा वर्ण असेल अशी आपली अपेक्षा असते. पण शृंगाराचा वर्ण श्याम आणि रक्तवर्ण रौद्राचा! एकच रंग प्रेमाचा, संतापाचा, आसक्तीचा आणि प्रलयाचा. तेव्हा लाल म्हणजे अमुकच, असे सूत्र मांडता येत नाही, हे शब्दकोशच आपल्याला सांगतो.

या रंगाचे प्राचीनत्व पाहावयाचे तर आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. भोपाळनजीकच्या भीमबेटका येथील शैलाश्रय १९५७ साली जगापुढे आणले ते उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस आपल्या माळव्याचा अभिमानविषय आहे. २००३ साली त्या स्थळाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. तेथील पुष्कळ चित्रे तांबड्या रंगात आहेत. तो रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त मातीचा. ज्या गेरूने आदिमानवाने हरिणे आणि शिकारी काढले, तोच गेरू पुढे वाळवंटातील, डोंगरातील आणि गावातील संन्याशाच्या वस्त्राला लागला. त्याच जातीची काव गोव्याच्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर वेलबुट्टी होऊन उमटली.

गावाच्या वेशीवरच्या दगडाला शेंदूर लागतो आणि तो देव होतो. म्हसोबा, मारुती, गणपती यांच्यावर वर्षानुवर्षे शेंदराचे थर चढत राहतात. शेंदूर हे शिशाचे लाल संयुग आणि हिंगूळ हे पाऱ्याचे. दोन्ही रंग खनिज, दोन्ही तेजस्वी. गोव्यात जन्मलेले थोर इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी महाराष्ट्रातील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि देवतेच्या दगडावरील हा लाल लेप म्हणजे जुन्या रक्तबळीचा पर्याय होय, असे प्रतिपादन केले. त्यांचे १९६२ सालचे पुस्तक या दृष्टीने आजही वाचनीय आहे. बळी गेला, रंग राहिला. रक्त सांडण्याऐवजी रक्ताचा रंग अर्पण करण्यात संस्कृतीचे एक मोठे पाऊल आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता कुंकवाकडे येऊ. ‘कुङ्कुम’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ केशर. काश्मिरातले ते मोलाचे द्रव्य सामान्य गृहिणीच्या आवाक्यातले नव्हते. शब्द तोच राहिला, वस्तू मात्र बदलली आणि हळदीपासून केलेली लाल पूड ‘कुंकू’ झाली. हळद पिवळी, मग कुंकू लाल कसे? हळदीच्या डागाला साबण लागला की तो डाग लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. हळदीतील रंगद्रव्याला खार मिळाला की त्याचा वर्ण पालटतो. जुन्या रीतीच्या कुंकवात हळकुंडांना टाकणखार, लिंबाचा रस असे संस्कार देऊन ती वाळवीत आणि मग कुटून वस्त्रगाळ करीत. पंढरपूरचे कुंकू बुक्क्याबरोबर घरोघर गेले ते याच परंपरेतून. कपाळावर आधी मेण लावून त्यावर कुंकवाचा टिळा रेखणे किंवा आडवी चिरी काढणे, हा आपल्या आज्या-पणज्यांचा नित्यक्रम होता.

या चिमूटभर पुडीभोवती भाषेने किती मोठा संसार उभा केला आहे! नवरा तो ‘कुंकवाचा धनी’. लग्नाचे आमंत्रण ती ‘कुंकुमपत्रिका’. चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हे देऊन, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देऊन, बायका एकत्र येतात ते ‘हळदीकुंकू’. बांगडी फुटली असे सुवासिनीने म्हणू नये, ‘वाढवली’ म्हणावे. आणि नवरा गेला की त्या बाईचे ‘कुंकू पुसले’, ‘कपाळ पांढरे झाले’. मृत्यू पुरुषाचा आणि क्रियापद मात्र स्त्रीच्या कपाळाचे! भाषेच्या या सवयीकडे आपण सहसा थांबून पाहत नाही. पुरुषही कपाळी गंध लावीत. कोणी उभे, कोणी आडवे, कोणी तांबडे. पण पत्नीच्या निधनाने पुरुषाचे गंध कधी पुसले गेले नाही. ते त्याच्या उपासनेचे चिन्ह होते. तिचे कुंकू मात्र त्याच्या हयातीचे.

इथवर लाल रंग हा सौभाग्याचा, असे कोणासही वाटेल. पण मराठी समाजाने याच रंगाचा आणखी एक उपयोग केला आहे आणि आजच्या विवेचनाचा गाभा तोच आहे. उच्चवर्णीय घरांत, विशेषतः ब्राह्मण कुटुंबांत, विधवेचे केशवपन करून तिला जे जाडेभरडे वस्त्र नेसावयास देत, त्याचे नाव ‘आलवण’. आणि आलवणाचा रंग लाल. कपाळावरचा लाल ठिपका पुसायचा आणि अंगभर लाल वस्त्र गुंडाळायचे! उलट आपल्या नववधूच्या वेषात लाल रंगाला अग्रमान नाही. अष्टपुत्री पिवळी आणि चुडा हिरवा. आपल्या सौभाग्यवतीचा लाल रंग कपाळावरच्या बोटभर जागेपुरता. संपूर्ण लाल वस्त्र वाट्याला आले ते विधवेच्या.

‘आलवण’ या शब्दात ‘आल’ स्पष्ट दिसते. आल हे एक झाड. त्याच्या मुळांच्या सालीपासून तुरटीच्या साहाय्याने पक्का तांबडा रंग मिळतो. माळवा, बुंदेलखंड आणि खानदेश या काळ्या मातीच्या प्रदेशांत त्याची लागवड होत असे. पेरल्यावर सुमारे तीन वर्षांनी मुळे खोल खणून काढावी लागत. या रंगात बुडवलेले जाड कापड म्हणजे खारवा. असा टिकाऊ आणि मळखाऊ रंग ही रंगाऱ्याची पुंजी होती. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य, म्हणजे ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. लवकरच तो स्वस्त रंग पिंपांतून हिंदुस्थानात उतरू लागला आणि आलची शेते ओस पडली. धार जिल्ह्यातील बाग येथील प्रसिद्ध छापकामात लाल आणि काळा हेच दोन प्रमुख रंग आजही दिसतात. पण त्यांतील लाल आता आलचा राहिलेला नाही. असो. सांगावयाचे ते हे, की आलवणाचा धागा आपल्या या माळव्याच्या मातीपर्यंत पोहोचतो.

माळव्यात वसलेल्या मराठी कुटुंबांना या रंगाची दोन व्याकरणे एकाच गल्लीत दिसत असली पाहिजेत. शेजारच्या हिंदीभाषक घरात लाल जोडा नववधूचा, लाल ओढणी सवाष्णीची, सिंदूर भांगात आणि विधवेचे वस्त्र पांढरे. मराठी घरात भांग मोकळा, कुंकू कपाळावर आणि लाल वस्त्र नेसलेली स्त्री सोवळी, विधवा. बंगालात लाल काठाची पांढरी साडी सौभाग्याची, तर काठावाचून निव्वळ पांढरी वैधव्याची. चीनमध्ये लग्नाचा रंग लाल आणि शोकाचा पांढरा. लाल रंगात जर मांगल्य स्वभावतःच असते, तर ते आलवणात शिरताना कोठे गेले? आणि त्यात अमंगल असते, तर ते कुंकवात कसे नाही? हळद एकटी असताना पिवळीच असते. तिला लाल करणारा खार बाहेरून यावा लागतो. तसाच रंगाला अर्थ देणारा समाज रंगाच्या बाहेर उभा असतो.

आलवणाला आधार कोणता सांगितला जाई? पतीच्या मागे पत्नीने व्रतस्थ, संन्यस्त राहावे, हा. मुंडित मस्तक, तांबूस वस्त्र, एकभुक्त राहणे, जमिनीवर शय्या ही सारी चिन्हे संन्याशाचीच आहेत. परंतु येथे एक भेद डोळ्यांआड करता येत नाही. संन्यासी ते वस्त्र स्वतः मागून घेतो. विधवेला ते नेसवले जाई. अनेकदा ती दहा-बारा वर्षांची पोर असे आणि संसार म्हणजे काय, हेही तिला उमगलेले नसे. ज्याने आसक्ती अनुभवलीच नाही, त्याने विरक्त कशापासून व्हावे? आणि फळ पाहा : संन्यासी दारी आला तर घरधनी त्याच्या पाया पडे, तोच वेष धारण केलेली घरातली स्त्री सकाळी समोर आली तर अपशकुन मानला जाई. आपण तिला संन्याशाचे वस्त्र दिले, संन्याशाचा मान दिला नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात विधवांच्या केशवपनाची छाननी केली आणि या रूढीला प्राचीन श्रुतिस्मृतींचा भक्कम आधार नाही, असे दाखवून दिले. म्हणजे जे सनातन म्हणून सांगितले गेले, ते तितके जुनेही नव्हते.

हेही सांगितले पाहिजे, की ही सर्व मराठी समाजाची रूढी नव्हती. शेतकरी आणि कष्टकरी जातींत पुष्कळ ठिकाणी पाट लावण्याची, म्हणजे विधवेने पुन्हा घर करण्याची मोकळीक होती. ज्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या राज्यात आपल्या पूर्वजांचे पाय स्थिरावले, त्या १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात विधवा झाल्या. सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी होळकरांच्या दौलतीचा कारभार केला. शुभ्रवस्त्रा, हाती शिवलिंग घेतलेली त्यांची मूर्ती आपण या नगरात जागोजागी पाहतो आणि तिला वंदन करतो. त्या कपाळावर कुंकू नाही. ज्या समाजाने कुंकवाविना असलेल्या स्त्रीला ‘मातोश्री’ म्हटले, त्याच समाजाच्या माजघरात तशीच दुसरी स्त्री मंगल कार्याच्या वेळी मागील दारी बसून राही, ही विसंगती आपण पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे चालू दिली.

सगळेच निमूट राहिले नाहीत, हा आपल्या भाषेचा गौरव आहे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी कायद्याने मन बदलत नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले, की बायको मेल्यावर पुरुषाला जे नियम नाहीत, ते नवरा मेल्यावर बाईलाच का? आगरकरांनी ‘सुधारक’मधून केशवपनावर प्रखर टीका केली. १८८९ साली पंडिता रमाबाईंचे शारदासदन निघाले. १८९० साली मुंबईत, कामगार चळवळीचे अग्रणी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिक समाजातील मंडळींनी विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा न उचलण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातून हे काम करून घेतले जाई, त्यांनीच हात आवरावा, ही घटना मला ग्रंथांतील कित्येक युक्तिवादांहून मोठी वाटते. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती आणि यमूची कहाणी वाचून मराठी घरे अस्वस्थ होत होती. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ सांगून आपल्या पिढीची साक्ष नोंदवून ठेवली.

१९३७ साली प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ हा चित्रपट आला. व्ही. शांतारामांचे दिग्दर्शन, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचा आधार, आणि शांता आपटे व केशवराव दाते यांच्या भूमिका. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण मुलगी ते लग्न मानावयास नकार देते, ही त्याची कथा. शीर्षकातच प्रश्न आहे : जे लावून घेतले नाही, लावले गेले, ते कुंकू तिचे की इतरांचे?

त्याच दशकांत लाल रंग दुसऱ्या एका जागी वेगळ्या अर्थाने फडकत होता. १९२८ च्या संपाच्या काळात मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि ती ‘लाल बावटा’ या नावानेच ओळखली गेली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. त्या विचारसरणीशी आपले मत जुळो वा न जुळो, एक फरक लक्षात येतो : येथे लाल रंग कोणी दिलेला नव्हता, तो ज्यांनी उचलला त्यांचा होता. म्हणूनच तो कोणाच्या मरणाने काढून घेता येत नव्हता. रंगाचा मान दुसऱ्याच्या हाती असणे आणि आपल्या हाती असणे, यांतील अंतर एवढे मोठे आहे.

आलवण आज दृष्टीआड झाले आहे. वपनाची रूढीही मावळली. पण तेवढ्यावर समाधान मानण्याजोगी स्थिती आहे काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात पाळल्या जाणार नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने अन्य ग्रामपंचायतींनाही या ठरावाचा आदर्श घेण्यास सांगितले. ताराबाईंच्या प्रश्नाला एकशेचाळीस वर्षांनी एका खेड्याने उत्तर दिले. ठराव करावा लागला, याचा अर्थ प्रथा जिवंत होती. ठराव होऊ शकला, याचा अर्थ ती थांबवणारी माणसेही आपल्यातच होती.

काही जण म्हणतील, कुंकूच नको. आजच्या मुली टिकली लावतात किंवा लावतही नाहीत. तोही त्यांचा अधिकार आहे आणि त्याबद्दल आपण वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. कुंकू लावावे की लावू नये, हा वाद मला येथे घालावयाचा नाही. लावणाऱ्या स्त्रीने ते आपल्या मर्जीने लावावे, आपल्या मर्जीने ठेवावे आणि दुसऱ्या कोणाच्या बोटाने ते पुसले जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण महाराष्ट्रापासून दूर राहणारी माणसे. मुलखापासून दूर गेलेला समाज आपले रीतिरिवाज अधिक घट्ट धरून ठेवतो, कारण तीच त्याची ओळख असते. आपल्या मंडळांतून गणेशोत्सव होतात, संक्रांतीचे हळदीकुंकू होते आणि त्यामुळे मुलांच्या कानांवर मराठी पडत राहते. या गोष्टी टिकल्याच पाहिजेत. पण टिकवताना काय टिकवावयाचे, याची निवड करण्याचा अधिकारही आपल्याकडेच आहे. हळदीकुंकवाच्या निमंत्रणात ‘सुवासिनींनी अगत्य यावे’ असे छापण्याऐवजी ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे’ असे छापावे. आणि जी आली तिच्या कपाळाला, तिची हरकत नसेल तर, कुंकवाचे बोट लावावे. तिचा नवरा आहे की नाही, हे विचारू नये. या शाळेतून शिकून गेलेल्या आणि आता स्वतः घराच्या, संस्थेच्या कर्त्या झालेल्या भगिनींना माझी ही विनंती आहे. येत्या संक्रांतीला तसे एक आमंत्रण आपल्या घरातून निघावे.